परतीचा माल

शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, वस्ती विरळ होते तिथं एक कोपऱ्याची जागा आहे. आज तिथं टायरचं दुकान आहे. ती जागा माझी व्हायची होती. हे मी घरात बोलायला लागलो की सगळे उठून आत जातात, म्हणून आता लिहून ठेवतो.

त्या जागेत माझ्या वडिलांची मेंढरं बसायची. मेंढरांमागं चालणं हाच आमच्या घराण्याचा धंदा. सुगी झाली की बागाईतदार लोक खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. त्या रानाच्या मालकाला सगळे आबा म्हणत. आबा सुपातून ज्वारी ओतायचे, वडील घोंगडीची खोळ पुढं धरायचे आणि किती पडलं ते बघायचेही नाहीत. मी बघायचो. घासाघीस करायचा माझा स्वभाव तिथूनच आला असावा. वडिलांनी आयुष्यात कुणाला "एवढंच का?" असं विचारलं नाही. ते सगळं विचारायचं माझ्यावर राहिलं.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी झालो. निमोण्यापासून मांडवगण फराट्यापर्यंत वाड्यावस्त्यांवर जाऊन माल घ्यायचा आणि बाजारात विकायचा. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची आणि बोटांनीच मागायचं, बोटांनीच नाही म्हणायचं. पटलं नाही की हात झटकून उठायचं. उठणं ही त्यातली खरी विद्या. खूप लवकर उठलं तर माणूस जाऊ देतो, उशिरा उठलं तर हसतो. बरोबर वेळेला उठलं की मागून हाक येतेच, "ओ पाव्हणं, बसा की! रागावता काय?" मी उठलो आणि मला हाक आली नाही असं क्वचितच झालं असेल. माझा राग लोकांना माहीत होता. तो निम्मा खरा असायचा आणि निम्मा धंद्याचा.

आणि बाजारच पडलेला असेल तर विकायचं नाही. दोरी हातातच ठेवायची आणि जनावर घरी आणायचं. याला आम्ही परतीचा माल म्हणतो. परतीच्या मालाची कुणाला लाज नसते. मेंढरू घरी येतं, चरतं, अंगानं भरतं, मधेच व्यालं तर एकाचं दोन होतं. पडत्या बाजारात माल फुंकतो त्याला आमच्यात भेकड म्हणतात. एवढ्या दोन गोष्टींवर मी शिरूरला भाड्याचं का होईना घर केलं, टेम्पो घेतला, पोरं शाळेत घातली.

दौंडला माझा साडू रेल्वेच्या ऑफिसात होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मऊ. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कॉम्प्युटरच्या कंपन्यांचे शेअर चढत होते. त्यानं थोडे घेतले होते. एका लग्नात पंगतीला शेजारी बसला आणि म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही ऊन-वारा खाऊन कमवताय. हितं पंख्याखाली बसून व्हतंय." त्या वर्षी ईदेला बोकडं चांगली गेली होती. मी पैसा घेऊन दौंडला गेलो. एका मेडिकलच्या वर शेअरचं ऑफिस होतं. त्यात एक कॉम्प्युटर, एक टीव्ही, दोन बाकडी आणि काउंटरमागं एक बाई. बी.कॉम. झालेली, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, निम्मं मराठी निम्मं हिंदी बोलणारी. साडूच्या सांगण्यावरून मी कॉम्प्युटरवाल्या कंपनीचे शेअर घेतले आणि माझ्या मनानं एका खताच्या कंपनीचे. खत मला कळत होतं.

कॉम्प्युटरवाला शेअर बघता बघता दुप्पट झाला आणि त्याच्याही वर गेला. मी पुन्हा घेतले, चढ्या भावात घेतले. त्याच सुमाराला आबांनी कोपऱ्याची जागा विकायला काढली. मी त्यांच्या ओसरीवर गेलो. वडील ज्या ओसरीवर कधी चढले नव्हते, तिथं खुर्चीवर बसलो. भाव झाला. आबा म्हणाले, "इसार कवा देतूस?" मी म्हणालो, "होळी होऊ द्या." शेअर तेव्हाच विकले असते तर इसारच काय, सगळी जागा त्यातून झाली असती. पण मला वाटलं, आणखी थोडा वर जाऊ दे, म्हणजे जागेवर दोन गाळेही निघतील. चढत्या बाजारात कोण दोरी सोडतो?

होळी झाली आणि बाजार पडायला लागला.

पहिल्या आठवड्यात मी हसलो. बाजार पडतो आणि उठतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण पडायचं थांबेना, तेव्हा मी शिरूरहून सकाळची एस.टी. धरून दौंडला जायला लागलो. निमोणं मागं पडायचं, मांडवगण यायचं, उसाच्या गाड्यांमागं एस.टी. रांगायची आणि मी मनात भाव घोळवत बसायचो. ऑफिसात गेलो की बाकड्यावर जागा नसायची. चढत्या बाजारात याच खोलीत इतका आवाज असायचा की खालचा मेडिकलवाला वर येऊन भांडायचा. आता माणसं तेवढीच, पण आवाज नाही. पाटसच्या कारखान्यातले दोघंतिघं पाळी संपवून थेट यायचे, डोळे लाल, आणि टीव्हीच्या खालच्या भावांच्या पट्टीकडं बघत बसायचे. कुणी उठत नव्हतं. उठलं आणि नेमका तेव्हाच भाव वर गेला तर?

एक निवृत्त गार्ड होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. त्यांच्याकडंही तोच शेअर होता. एकदा ते चहाला खाली गेले आणि भाव थोडा वर आला. ते परत आले आणि भाव पुन्हा पडला. त्या दिवसापासून त्यांच्या बसण्याची सोय गेली.

"मामा, चहा घ्या की जाऊन."

"आत्ताच घेतला ना बाबा."

"आणखी एक घ्या. आमच्याकडनं."

"अरे, शुगर आहे मला!"

"बिनसाखरेचा घ्या, पण जावा."

बिचारे जायचेही. खालच्या टपरीवरून वर ओरडून विचारायचे, "काय झालं?" आम्ही ओरडायचो, "आणखी थोडं थांबा!" हसायचो सगळे. पण मामा खाली उभे असताना प्रत्येक जण पट्टीकडं असा बघायचा की जणू खरंच काहीतरी होणार आहे. मीही बघायचो.

एक दिवस मी काउंटरवर गेलो. म्हणालो, "बाई, माझा माल काढायचा."

"कितीला लावू, काका?"

मी माझ्या खरेदीचा भाव सांगितला, वर थोडे वाढवून.

"काका, तो भाव कधीच गेला. आज खूप खाली चाललंय."

"तुम्ही मागा तर खरं."

"इथं मागत नसतात. लावायचं. कुणी घेतलं तर गेलं."

"समोर कोण हाय?"

"कुठं?"

"घेणारा. पुण्याचा हाय का मुंबईचा?"

"ते दिसत नाही, काका."

"आन् त्याला मी दिसतो का?"

"नाही."

"मग मी उठलो हे त्याला कळणार कसं?"

बाकड्यावरचे हसले. बाईही हसली, पण वाईट हसली नाही. मी चिडलो. "लावा त्याच भावाला. घ्यायचं असंल तर घेईल, न्हाईतर मी चाललो." आणि खरंच निघालो. जिना हळूहळू उतरलो. खाली टपरीवर पान घेतलं, ते चघळत उभा राहिलो, एक कान वर. मामा शेजारीच बिनसाखरेचा चहा पीत होते. त्यांनी विचारलं, "कुणाची वाट बघताय?" मी पानाची पिंक टाकली. वरून हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी भाव आणखी खाली होता. माझ्या भावाला लावलेले शेअर तसेच पडून होते.

हे मी बऱ्याचदा केलं. लोक हसतात, पण मला सांगा, जन्मभर ज्या रीतीनं भाव मिळाला ती रीत माणूस एका खोलीत बसून कशी विसरेल? समोर माणूस असता तर मी त्याला सोडला नसता. त्याचा चेहरा बघितला असता, बोटं दाबून बघितली असती, घाम आहे का नाही ते कळलं असतं. इथं नुसते आकडे. त्यांच्यावर रागावून काय होणार?

मग एक दिवस तो आकडाही हलेना. बाई म्हणाली, "काका, सर्किट लागलंय. दिवसात जेवढं पडायची मुभा असते तेवढं पडून झालं. आता घेणाराच नाही."

"घेणारा न्हाई असा बाजार नसतो."

"असतो, काका. हा बघा."

मी काउंटरवर हात आपटला. कॉम्प्युटरचा पडदा थरथरला.

"काका, आवाज खाली. हा बोकडबाजार नाही."

"बोकडबाजारात माणसं तरी असत्यात!"

त्यानंतर काही दिवस तिनं माझ्याशी बोलायचं टाळलं. मामा मधे पडले. मामांनीच मला सांगितलं की पडत्या भावात आणखी घेतलं की सगळ्या मालाची सरासरी खाली येते. मला ते पटलं. पैसा कुठून आणायचा? खताचा शेअर फायद्यात होता. तो विकला आणि त्या पैशाचे कॉम्प्युटरवाले घेतले. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "दूध देती ती इकली आन् भाकड सांभाळली म्हणा की."

"भाकड न्हाई ती. परतीचा माल हाय."

"परतीचं मेंढरू चारा तरी खातंय. तुमचं हे काय खातंय?"

मी ताट सरकवून उठलो. तिनं हाक मारली नाही. त्या काळात मला कुणीच हाक मारत नव्हतं.

उन्हाळा संपत आला तेव्हा आबांचा निरोप आला. मी गेलो. आबांच्या नातवाला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात घालायचं होतं आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत पैसे भरायचे होते. आबा म्हणाले, "तुझ्यासाठी थांबलोय. बाकीची माणसं येऊन गेली. पण तुझा बाप हितं बसायचा, म्हनून म्हनलं तुलाच द्यावी."

मी जुन्या सवयीनं म्हणालो, "आबा, सगळीकडं बाजार पडलाय. जागेचं पण बघा की जरा."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "बरं. कमी देतो. पण येत्या बाजारच्या दिवसाला, दिवस मावळायच्या आत इसार पाहिजे. त्याच्या म्होरं मी न्हाई थांबायचा." आणि त्यांनी भाव खरंच खाली आणला. वडिलांच्या खोळीत सूप ओतणारे आबा माझ्यासाठी भाव उतरवत होते. मी त्या दिवशी रस्त्यानं पाय जमिनीला न लावता चाललो.

घरी बायकोनं हिशोब विचारला. शेअर आता विकले तर खरेदीच्या निम्म्याहून कमी येत होते. पण तेवढ्यात, थोडी ओढाताण करून, जागा येत होती. तिनं मला सरळ विचारलं, "मग अडलंय कुठं?"

"तोटा घेऊन विकू?"

"तोटा तर झालाच की."

"विकल्याबिगर तोटा न्हाई. माल दावणीलाच हाय."

"दावण दिसती का तुम्हाला? कागद पन न्हाई, म्हनं कॉम्प्युटरात हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आवं, इका आन् मोकळं व्हा. आपली जागा होईल."

तिचं बरोबर होतं की नाही ते मी सांगत नाही. मी आयुष्यात पडत्या बाजारात विकलं नव्हतं एवढं मला माहीत होतं. विकलं असतं तर ज्यानं कुणी तो माल घेतला असता, तो पुढच्या महिन्यात माझ्याच मालावर चढ्या भावानं बसला असता. मला तो माणूस दिसायचा. त्याला चेहरा नव्हता, पण हसायचा.

दुसऱ्या दिवशी दौंडला गेलो. साडूला त्याच्या ऑफिसबाहेर चहाला बोलावलं. म्हणालो, "दोघं मिळून विकू. तुमचं आन् माझं. एकट्याला जीव न्हाई व्हत."

तो बशीत चहा ओतत होता. ओतता ओतता थांबला. "माझं कवाच गेलं, पाव्हणं."

"कवा?"

"होळीच्या आदल्याच आठवड्यात."

स्टेशनात गाडी लागली होती, तिच्याकडं बघितलं. मग माझा आवाज चढला. "आन् मला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं व्हतं. तुमच्या घरी आलो व्हतो, आठवतंय का? म्हणलं, थोडं काढून घ्या. तुम्ही म्हणला, रेल्वेवाल्याचं काळीज शेळीचं असतंय."

"ते सांगणं न्हवं!"

"मग काय व्हतं?"

"सांगायचं तर हात धरून सांगायचं. बसवून सांगायचं. चहा पिता पिता कुणीबी काहीबी बोलतंय."

"तुमचा हात कोण धरंल, पाव्हणं? तुम्ही झटकताय."

मी माझा चहा तसाच टाकून निघालो. त्यानंतर आम्ही लग्नाकार्यात भेटतो, रामराम करतो, पंगतीला शेजारी बसत नाही. लोक म्हणतात शेअरच्या पैशावरून साडवांचं फाटलं. पैशावरून नाही. ज्यानं मला त्या खोलीत नेलं, तो मला वर बसलेलं ठेवून जिना उतरून गेला. उतरताना दार ठोठावणं त्याचं काम होतं. एकदा नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा सांगायचं होतं. मेंढरू एकदा हाकेला येत नाही म्हणून कुणी रानात सोडून येत नाही.

इसाराच्या दिवसाच्या आदल्या दिवशी मी ठरवून गेलो. एस.टी.त कुणाशी बोललो नाही. ऑफिसात बाई एकटीच होती, आणि कोपऱ्यात मामा पेपर वाचत होते. बाकीचे लोक आता येत नव्हते. काही जण विकून गेले होते, काही जण न विकताच.

"बाई, आज काढायचं. चालू भावाला."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "नक्की, काका?"

"नक्की."

तिनं बटणं दाबली. आणि म्हणाली, "अरे, आज वर आहे."

मी काउंटरवर वाकलो. हिरवा आकडा होता. कित्येक आठवड्यांत मी तो रंग बघितला नव्हता. मामा पेपर टाकून उठले. "बघू, बघू! मी म्हणत होतो ना, तळ लागला!"

"लावू का, काका?" बाईचं बोट बटणावर होतं.

आता जो माणूस कधी बाजारात उभा राहिला नाही तो म्हणेल, लावायचं होतं. पण मी विचारतो, महिनोनमहिने पडणारा भाव ज्या दिवशी वर बघतो, त्याच दिवशी कोण विकेल? समोरच्याचा हात पहिल्यांदा ढिला पडलाय आणि मी बोटं सोडू? मी म्हणालो, "थांबा. जरा चढू द्या."

दुपारपर्यंत चढला. थोडाच, पण चढला. मामांना मी दोनदा खाली पाठवलं. मग थांबला. मग सकाळच्या जागी आला. बाई म्हणाली, "अजून चालेल, काका. सकाळचाच भाव आहे." मी म्हणालो, "उद्या आणखी वर असंल." माझ्याकडं दुसरा दिवस होता ना. इसार त्या संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. सकाळी विकायचं, आबांना जाऊन सांगायचं, पैसे येईपर्यंत शब्दावर थांबवायचं. आबा थांबले असते.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तो खालीच उघडला. मी बसून राहिलो. कालचा भाव आला की विकू असं म्हणत बसलो. खरेदीचा भाव मी सोडून दिला होता, आता मला नुसता कालचा भाव पाहिजे होता. तोही आला नाही. शेवटची शिरूरची एस.टी. मला धरायची होती. तीही मी उशीर करून धरली.

आबांच्या ओसरीवर दिवा लागला होता. आबा जेवायला बसायच्या तयारीत होते. माझा हात रिकामा बघून त्यांना सगळं कळलं. म्हणाले, "दुपारी पुण्याचा एक जण आला. टायरवाला. त्यानं भाव पण केला न्हाई. मागितलं तेवढं टाकलं."

"आबा, संध्याकाळ व्हती माझी."

"व्हय. वाट बघितली मी. दिवा लावल्यावर घेतला त्याचा इसार. तो तंवर फाट्यावर बसून व्हता." मग म्हणाले, "जेवतूस का?"

मी नाही म्हणालो. मला त्यांच्यावर रागवायचं होतं आणि रागवायला जागा सापडेना.

घरी बायकोनं ताट वाढलं. मी जेवायला बसलो तेव्हा म्हणाली, "आता तरी इका. जे येईल ते येईल. टेम्पोचं काम निघालंय."

"आता कशाला विकू? जागा तर गेली."

तिनं वाटीत आमटी वाढली. ती काय म्हणणार होती ते तिनं गिळलं. मला ते आजही ऐकायला आवडेल.

त्यानंतर मला दौंडला जायचं काही कारण नव्हतं. विकायचं तर कशासाठी विकायचं? तरी मी गेलो. बाजाराचा दिवस सोडून, माल घ्यायला जातो असं सांगून, मांडवगणाला उतरायचं ते न उतरता पुढं गेलो. मामा नव्हते. त्यांच्या मुलानं येऊन त्यांचे सगळे विकून टाकले, असं बाई म्हणाली. बाकड्यावर धूळ होती. टीव्ही बंद होता.

"विकायचंय, काका?"

"न्हाई."

"मग?"

"भाव बघायला आलोय."

तिनं भाव सांगितला. मी मान हलवली आणि बाकड्यावर बसलो. ती आपलं काम करत राहिली. खाली मेडिकलवाला कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता. तिनं घड्याळ बघितलं आणि खुर्चीवरची पर्स उचलली.

"काका, चला. बाजार बंद झाला."

"कॉम्प्युटर राहू द्या की जरा चालू."

"आता हलणार नाही तो आकडा. उद्या सकाळीच."

"बाजार उठला तरी जनावराला भाव असतोच की."

मग तिनं पडदा माझ्या बाजूला फिरवला, म्हणाली, "मी खालून गोळ्या घेऊन येते सासूबाईंच्या. तोपर्यंत बघा," आणि जिना उतरून गेली. मी आकड्यासमोर बसलो.